आरटीची तिकिटं दुसऱ्या सर्व्हरवर नेताना दरवेळी काय बिघडतं आणि ते कसं सोडवायचं

आरटी, म्हणजे तक्रारी क्रमांक देऊन 'तिकीट' म्हणून नोंदवणारी प्रणाली, दुसरीकडे हलवताना दिसणारी लक्षणं ठरलेली आहेत. एक्सपोर्ट बिनबोभाट संपतो, फोल्डरमध्ये फायली दिसतात, नव्या सर्व्हरवर इम्पोर्टही पुरा होतो. मग कोणी जुन्या क्रमांकाने तिकीट उघडायला जातं आणि तिथे भलतंच तिकीट निघतं. कुठे इम्पोर्ट सुरू झाल्या झाल्या 'ही नोंद आधीच आहे' म्हणून थांबतो. कुठे तिकिटं आलेली असतात, पण रूट (सर्वाधिकार असलेलं मुख्य खातं) सोडून एकाही कर्मचाऱ्याला ती दिसत नाहीत. कुठे मराठी विषयांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एका खातेदाराचं उत्तर दुसऱ्याच खातेदाराच्या तक्रारीत जाऊन बसतं.

इथे मी रिक्वेस्ट ट्रॅकर, म्हणजे आरटीबद्दलच लिहितो आहे. जेसी व्हिन्सेंट यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली ही पर्लमधली मुक्त प्रणाली. लायसन्सचा खर्च नाही आणि साध्या लिनक्स मशीनवर नीट चालते, त्यामुळे पतसंस्था आणि महाविद्यालयांना ती परवडते. मी सांगलीतल्या एका पतसंस्थेचा आयटी विभाग सांभाळतो. पासबुक प्रिंटर अडकला, यूपीएस ओरडतोय, एसएमएस गेला नाही, अशा शाखांच्या तक्रारी आम्ही आरटीतच घेतो.

आमच्याकडे ही स्थलांतराची कामं दोन कारणांनी निघतात. एक कृष्णा. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै ज्यांनी पाहिला ते तळमजल्यावर सर्व्हर ठेवायला धजत नाहीत. आयर्विन पुलाजवळची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. पाणी त्या आकड्यांकडे सरकायला लागलं की गावभागातल्या ऑफिसांतून विश्रामबागेत किंवा मिरजेत मशीन हलवायची घाई होते. दुसरं कारण विलीनीकरण. छोटी संस्था मोठ्या संस्थेत जाते आणि दोघींच्या तक्रारींच्या नोंदी एकाच ठिकाणी आणायच्या असतात.

ही दोन कामं वेगळी आहेत, आणि वर लिहिलेल्या बहुतेक अडचणी एका कामाची पद्धत दुसऱ्याला लावल्याने येतात. पहिल्यात बिऱ्हाड हलवायचं असतं, जे आहे ते जसंच्या तसं. दुसऱ्यात भरल्या घरात दुसरं घर आणायचं असतं. म्हणून कमांड टाइप करण्याआधी स्वतःला विचारा: जिथे न्यायचं तो डेटाबेस रिकामा आहे, की त्यात आधीच तिकिटं आहेत?

एक सूचना: खाली कमांड आणि पर्यायांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर त्यांचं मूळ स्पेलिंग टाकायचं आणि पर्यायाआधी दोन आडव्या रेघा द्यायच्या.

सगळं जसंच्या तसं हलवायचं असेल तर

जुन्या आणि नव्या दोन्ही सर्व्हरवर मायएसक्यूएल असेल (किंवा दोन्हीकडे मारियाडीबी, किंवा दोन्हीकडे पोस्टग्रेस), तर आरटी-सिरियलायझरला (आरटीतल्या नोंदी फायलींत उतरवणाऱ्या कमांडला) हात लावायची गरजच नाही. डेटाबेसचा नेहमीचा डंप (सगळ्या टेबलांची फाइलमधली प्रत) घ्या आणि नव्या ठिकाणी चढवा. सिरियलायझर हे नाव ऐकून अनेकजण तेच वापरायचं असं समजतात आणि एका तासाचं काम दोन दिवसांवर नेतात.

मायएसक्यूएल डंप घेताना 'सिंगल ट्रान्झॅक्शन' पर्याय द्यावा, म्हणजे डंप चालू असताना कोणी तिकिटात काही लिहिलं तरी सगळी टेबलं एकाच क्षणाची येतात. 'सेशन्स' टेबलाची फक्त रचना घ्या, त्यातला डेटा घेऊ नका. लॉगिनची ती तात्पुरती माहिती नव्या सर्व्हरवर काही कामाची नसते आणि डंप मात्र विनाकारण फुगवते. मायएसक्यूएल ८.०.२१ पासून डंप घेणाऱ्या युजरकडे 'प्रोसेस' अधिकार नसेल तर टेबलस्पेसबद्दल चूक येते. तिथे 'नो टेबलस्पेसेस' पर्याय दिला की काम पुढे सरकतं. त्यासाठी युजरला सर्वाधिकार देत बसू नका.

अडतं ते अटॅचमेंटपाशी. आमच्याकडे शाखांतून केवायसीच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ येतात, आणि आरटी त्या 'अटॅचमेंट्स' टेबलात ठेवतं. एका नोंदीसाठी 'मॅक्स अलाउड पॅकेट'ची मर्यादा लागू होते. मायएसक्यूएल ८ च्या सर्व्हरवर ती मुळात ६४ एमबी असते, ५.७ वर फक्त ४ एमबी, मारियाडीबीवर १६ एमबी. शिवाय डंप चढवणाऱ्या क्लायंटची मर्यादा वेगळी असते, ती मायएसक्यूएलमध्ये १६ एमबी. बायनरी मजकूर डंपमध्ये एस्केप होऊन मूळ फाइलपेक्षा मोठा होतो, म्हणून '१० एमबीची तर फाइल आहे' या हिशोबावर विसंबू नका. सर्व्हर आणि क्लायंट दोन्हीकडे मर्यादा वाढवून मगच डंप चढवा. अटॅचमेंट बाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवायची सोय तुम्ही वापरत असाल, तर डेटाबेसमध्ये फक्त त्यांची खूण असते. तो फोल्डर वेगळा कॉपी करावा लागतो.

डेटाबेसमध्ये नसलेल्या आणखी गोष्टी आहेत: साइट कॉन्फिगची फाइल आणि तिचा फोल्डर, 'लोकल' फोल्डर, बसवलेले प्लगइन, क्रॉनमधली (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) कामं, मेल आत आणणारं मेलगेट. सगळं कॉपी करा. त्यातही साइट कॉन्फिगमधली 'ऑर्गनायझेशन' ही ओळ अक्षराचाही फरक न करता तीच ठेवा. आरटी दोन तिकिटांमधला दुवा साठवताना त्याच्या पत्त्यात ऑर्गनायझेशनचं नाव घालतं. नवा सर्व्हर, नवं डोमेन म्हणून कोणी उत्साहाने ती ओळ बदलली, की जुने सगळे 'अवलंबून आहे', 'संबंधित आहे' हे दुवे तुटतात.

डेटाबेसचा प्रकारच बदलायचा असेल, समजा मायएसक्यूएलवरून पोस्टग्रेसवर, तेव्हा मात्र सिरियलायझर 'क्लोन' पर्यायासह वापरायचा. 'नोंद आधीच आहे' ही चूक बहुतेकदा इथेच भेटते. नव्या सर्व्हरवर आपण सवयीने 'मेक इनिटडीबी' चालवतो. त्याने टेबलं तर बनतातच, पण रूट युजर, जनरल क्यू (तिकिटांची विभागवार रांग), मूळ ग्रुप असा सुरुवातीचा डेटाही भरला जातो. क्लोनमध्ये तेच सगळं पुन्हा येतं आणि टक्कर होते. क्लोन चढवण्यासाठी डेटाबेसमध्ये फक्त रचना हवी. म्हणून आरटी-सेटअप-डेटाबेस ही कमांड 'ॲक्शन' पर्यायात क्रिएट, स्कीमा आणि एसीएल एवढ्या तीनच गोष्टी देऊन चालवा. डेटाबेस भरून झाला असेल तर पाडून पुन्हा बनवा. आलेल्या चुका दाबून पुढे जाणारा पर्याय इम्पोर्टरमध्ये (फायली नव्या डेटाबेसमध्ये चढवणाऱ्या कमांडमध्ये) आहे, पण इथे त्याच्या वाटेला जाऊ नका. नंतर काय आलं आणि काय राहिलं हे कोणालाच सांगता येत नाही.

चालू प्रणालीत दुसरीची तिकिटं मिसळायची असतील तर

खरी कसोटी इथे आहे, कारण दोन्हीकडे तिकीट क्रमांक एकपासून सुरू झालेले असतात. एसक्यूएलने टेबलं जोडून हे होत नाही. एका तिकिटामागे ट्रान्झॅक्शन्स, अटॅचमेंट, ग्रुप, प्रिन्सिपल (युजर आणि ग्रुप दोघांची आरटीतली सामाईक ओळख), दुवे अशी नोंदींची साखळी असते, आणि प्रत्येक कडीत दुसऱ्या टेबलातला क्रमांक असतो. नुसते तिकीट क्रमांक लाखाने पुढे ढकलले की झालं, असं सांगणारे लोक भेटतात. त्यांनी 'प्रिन्सिपल्स' टेबल उघडून पाहिलेलं नसतं. या कामासाठीच आरटी ४.२ पासून सिरियलायझर आणि इम्पोर्टर ही जोडी दिलेली आहे. पहिला नोंदी साखळीसकट फायलींत उतरवतो, दुसरा त्यांना नवे क्रमांक देऊन साखळी पुन्हा जोडतो.

आता परत 'ऑर्गनायझेशन'कडे या. बिऱ्हाड हलवताना ती तीच ठेवायची होती. मिसळताना ती दोन्हीकडे वेगळी असलीच पाहिजे. बाहेरून आलेलं काय आणि घरचं काय हे इम्पोर्टर तिच्यावरूनच ओळखतो. वेगळी असेल तर येणाऱ्या क्यूच्या नावाआधी जुनी ऑर्गनायझेशन लावली जाते आणि दोन्हीकडच्या 'कर्ज विभाग' नावाच्या क्यू वेगळ्या राहतात. सारखी असेल तर काही लावलं जात नाही आणि दोन्ही कर्ज विभाग एक होतात. ही चूक वारंवार होते, कारण आरटी बसवताना ही ओळ मुळात 'एक्झाम्पल डॉट कॉम' अशी असते आणि बऱ्याच ठिकाणी ती तशीच राहिलेली असते. किंवा दुसऱ्या संस्थेचं कॉन्फिग पहिलीकडूनच कॉपी केलेलं असतं.

दोन्हीकडे सारखीच निघाली तर उपाय आहे. स्रोत प्रणालीची एक प्रत वेगळ्या मशीनवर उभी करा, चालू प्रणालीवर हे करू नका. त्या प्रतीत ऑर्गनायझेशन बदला. त्याने दुवे तुटतील, म्हणून लगेच आरटी-व्हॅलिडेटर (डेटाबेसमधली विसंगती शोधणारी कमांड) 'चेक', 'रिझॉल्व्ह' आणि 'लिंक्स ओन्ली' हे पर्याय देऊन चालवा. 'लिंक्स ओन्ली' हा पर्याय ऑर्गनायझेशन बदलल्यानंतरच्या दुरुस्तीसाठीच दिलेला आहे, आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. तो काय काय बदलू म्हणतो ते वाचून होकार द्या.

व्हॅलिडेटर एरवीही चालवायचाच. आठ-दहा वर्षं वापरलेल्या डेटाबेसमध्ये अनाथ नोंदी सापडतातच. कोणीतरी थेट एसक्यूएलने युजर उडवलेला असतो, कधी जुनं अपग्रेड अर्धवट झालेलं असतं. सिरियलायझरला आतून सुसंगत डेटाबेस लागतो, नाहीतर मधेच कुठेतरी तो कोसळतो आणि संदेशातून काही उलगडत नाही. आधी 'चेक', बॅकअप घेऊन मग 'रिझॉल्व्ह', आणि पुन्हा 'चेक'. ती यादी रिकामी येईपर्यंत पुढे जाऊ नका. मला तरी या सगळ्या कामात याच टप्प्यावर दिलेला वेळ सर्वांत सार्थकी लागतो असं वाटतं. दोन्हीकडे आरटीची आवृत्तीही एकच ठेवा. जुनी ४.४ असेल तर तिची प्रत आधी अपग्रेड करा, मग एक्सपोर्ट.

सिरियलायझर प्रत्येकी सुमारे ३२ एमबीच्या फायली बनवतो आणि ज्या फोल्डरमध्ये लिहायचं तो आधीपासून असला तर थांबतो. तो थांबला म्हणून 'फोर्स' देऊ नका, नव्या नावाचा फोल्डर द्या. काय न्यायचं ते पर्यायांनी ठरतं. हटवलेली तिकिटंही मुळात धरली जातात, म्हणून 'नो डिलीटेड' द्या. सगळे कर्मचारी युजर जातात; 'नो युजर्स' दिलं तर तिकिटांत ज्यांचा उल्लेख आहे तेवढेच जातात, आणि विलीनीकरणात तेच योग्य. ठरावीक क्यूच न्यायच्या असतील तर आरटी ५ मध्ये 'लिमिट क्यूज' आहे. मात्र त्या क्यूंबाहेरच्या तिकिटांशी असलेले दुवे मग गळून पडतात. त्याऐवजी जुन्या सर्व्हरच्या पत्त्यावर जाणारी साधी लिंक हवी असेल तर 'हायपरलिंक अनमायग्रेटेड' जोडा. हे आठवण ठेवून जोडा, कारण तुटलेले दुवे सहा महिन्यांनी ऑडिटच्या वेळी लक्षात येतात.

'तिकिटं आली पण दिसत नाहीत' याचं उत्तरही याच पर्यायांत आहे. अधिकार आणि स्क्रिप (तिकिटात काही घडलं की आपोआप मेल वगैरे पाठवणारे नियम) मुळात एक्सपोर्टच होत नाहीत. रूटला सगळं दिसतं म्हणून इम्पोर्ट करणाऱ्याला शंका येत नाही, आणि सकाळी शाखेतून फोन सुरू होतात. 'एसीएल्स' आणि 'स्क्रिप्स' हे पर्याय देऊन ते आणता येतात, पण विलीनीकरणात मी ते कधीच देऊ नका असं सांगेन. जुन्या संस्थेच्या व्यवस्थापकाला कोणत्या तक्रारी दिसाव्यात हे नव्या संस्थेने ठरवायचं असतं. ते जुन्या डेटाबेसमधून आपोआप वाहत येऊ नये. ग्रुपना अधिकार हाताने द्या, रूट नसलेल्या एका साध्या युजरने लॉगिन करून बघा.

युजरच्या बाबतीत एक सापळा आहे. युजरनेम किंवा ईमेल जुळलं की इम्पोर्टर तो एकच माणूस समजतो. कर्मचाऱ्याचं स्वतःचं नाव असेल तर हे सोयीचंच. पण शाखांमध्ये 'कॅशियर', 'अकाउंट', 'मॅनेजर' अशी सामाईक लॉगिन सर्रास असतात. दोन्ही संस्थांतला 'कॅशियर' एक झाला की एकाच्या नावावर दुसऱ्याने केलेल्या नोंदी लागतात, आणि सहकार खात्याचा लेखापरीक्षक नेमकं तेच विचारतो. एक्सपोर्टआधी स्रोताच्या प्रतीत अशा युजरनेमना शाखेचं नाव जोडून घ्या.

इम्पोर्ट सुरू करताना 'ओरिजिनल आयडी' हा पर्याय एका कस्टम फील्डचं (तिकिटात आपण जोडलेल्या रकान्याचं) नाव देऊन जोडायलाच हवा. समजा 'जुना क्रमांक' असं नाव दिलं, तर ते फील्ड नसल्यास इम्पोर्टर स्वतः बनवतो आणि प्रत्येक तिकिटात जुनी ऑर्गनायझेशन आणि जुना क्रमांक लिहून ठेवतो. खातेदाराच्या हातातल्या पत्रावर जुनाच क्रमांक असतो. या फील्डशिवाय तो शोधायला दुसरी सोपी वाट उरत नाही आणि इम्पोर्ट संपल्यावर ते भरताही येत नाही. काम लांबलचक असतं, म्हणून स्क्रीन किंवा टीमक्समध्ये (कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणाऱ्या साधनांत) चालवा. मधे तुम्हीच कंट्रोल-सी दाबून थांबवलं, तर इम्पोर्टर राहिलं तिथून पुढे चालू करता येतो.

मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं

याचा दोष सरसकट 'यूटीएफ-८ एमबी-४ नव्हतं' यावर टाकला जातो. देवनागरीच्या बाबतीत ते खरं नाही. देवनागरी अक्षराला तीन बाइट लागतात आणि मायएसक्यूएलच्या जुन्या तीन बाइटवाल्या यूटीएफ-८ मध्ये ती व्यवस्थित मावते. चार बाइट लागतात ते इमोजींना. आरटी ५ ने चार बाइटवाला संच घेतला ही चांगलीच गोष्ट, पण मराठी बिघडते ती डंप घेताना किंवा चढवताना कनेक्शन लॅटिन-१ (फक्त रोमन अक्षरांचा जुना संच) राहिल्यामुळे. दोन्ही वेळा 'डिफॉल्ट कॅरेक्टर सेट' पर्याय स्पष्ट लिहा.

बिघाड झालाच असेल तर आधी प्रकार ओळखा. मराठी विषय असलेलं एक तिकीट घ्या आणि त्याचा विषय 'हेक्स' फंक्शनमधून बघा. प्रत्येक अक्षर 'ई-शून्य, ए-चार' किंवा 'ई-शून्य, ए-पाच' असं सुरू होत असेल तर डेटा ठीक आहे, फक्त दाखवण्यात गडबड आहे. 'सी-तीन, ए-शून्य' दिसलं तर मजकूर दोनदा एन्कोड झालाय. पडद्यावर तो टोपीवाल्या रोमन अक्षरांसारखा दिसतो, पण परत मिळवता येतो. नुसतं 'तीन-एफ, तीन-एफ' असेल तर ती साठवलेली प्रश्नचिन्हंच आहेत, त्या डंपमधून मूळ मजकूर मिळणार नाही. पुन्हा डंप घ्या. म्हणूनच जुना सर्व्हर फॉरमॅट करायची घाई करायची नसते.

मायएसक्यूएल ८ चा डंप मारियाडीबीवर चढवताना 'अनोळखी कोलेशन' (कोलेशन म्हणजे अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारा नियम) अशी चूक येते. मायएसक्यूएल ८ चं मूळ कोलेशन बऱ्याच मारियाडीबी आवृत्त्यांना माहीत नसतं. रचना आणि डेटा असे दोन डंप वेगळे घ्या, रचनेच्या फाइलमध्ये कोलेशनचं नाव बदला, मग दोन्ही चढवा. सगळ्या डंपवर एकदम शोधा-बदला चालवू नका, त्यात लोकांच्या तक्रारींचा मजकूर आणि अटॅचमेंटही असतात.

मेल

तपासणी चालू असेपर्यंत नव्या सर्व्हरवरून एकही मेल बाहेर जाता कामा नये. साइट कॉन्फिगमध्ये 'मेल कमांड' ही ओळ 'टेस्टफाइल' अशी करा, म्हणजे मेल बाहेर न जाता फाइलमध्ये लिहिली जाते. क्रॉनमधली कामंही बंद ठेवा. जुन्या सर्व्हरचं मेलगेट एक्सपोर्टआधी थांबवा, नाहीतर मधल्या वेळेत आलेल्या तक्रारी कुठेच पोचणार नाहीत.

आता ती सर्वांत वाईट अडचण. आरटी उत्तर कोणत्या तिकिटाचं हे मेलच्या विषयातल्या चौकटी कंसावरून ओळखतं. त्यात प्रणालीचं नाव आणि क्रमांक असतो. दोन्ही प्रणालींचं नाव सारखं असेल, तर जुन्या संस्थेच्या खातेदाराने ८१२ क्रमांकावर दिलेलं उत्तर नव्या प्रणालीतल्या ८१२ मध्ये जातं आणि तिथला खातेदार ते वाचतो. पतसंस्थेत ही माहिती कर्जाची, थकबाकीची असते. म्हणून विलीनीकरणाची तारीख ठरली की स्रोत प्रणालीचं 'आरटी नेम' काही आठवडे आधीच वेगळं करा, आणि ते बदललेलं नाव नव्या प्रणालीच्या 'ईमेल सब्जेक्ट टॅग रेजेक्स'मध्ये (विषयातली कोणती नावं आपली मानायची ते ठरवणाऱ्या ओळीत) घालू नका. मग अशा उत्तराचं नवं तिकीट बनेल. 'जुना क्रमांक' फील्डवरून मूळ तिकीट शोधून त्यात ते मर्ज करणं हे दोन मिनिटांचं काम आहे. त्याआधीच्या मेलची उत्तरं जुन्या पत्त्यावर येत राहतील. तो पत्ता मेलगेटला न जोडता साध्या मेलबॉक्सवर वळवा आणि एका माणसाला रोज बघायला सांगा.

शेवटची राहते ती परिपत्रकांत आणि व्हॉट्सॲपवर फिरलेल्या जुन्या लिंकची सोय. 'जुना क्रमांक' रिकामा नाही असा शोध आरटीत लावा, जुना आणि नवा क्रमांक एवढेच रकाने ठेवून स्प्रेडशीट उतरवा. जुन्या क्रमांकाआधीची ऑर्गनायझेशन काढून टाका आणि प्रत्येक ओळीत 'जुना, मोकळी जागा, नवा' अशी साधी टेक्स्ट फाइल करा. अपाचीचं 'रिराइट मॅप' ही फाइल थेट वाचतं. जुन्या सर्व्हरच्या पत्त्यावर तिकीट दाखवणाऱ्या पानाची विनंती आली की क्रमांक फाइलमधून बदलून नव्या पत्त्यावर पाठवायची. फाइलमध्ये न सापडणारे क्रमांक म्हणजे हटवलेली किंवा न आणलेली तिकिटं. त्यांच्यासाठी नव्या प्रणालीचं पहिलं पान न दाखवता 'हे तिकीट जुन्या सर्व्हरवर आहे, आयटी विभागाला कळवा' असं सांगणारं एक मराठी पान ठेवा.